डिग्गी किती लांब आहे?



आपल्यापैकी जे कुणी बेळगावहून अनमोडमार्गे गोव्याला गेले असतील, ते जोयडा तालुक्यातून गेलेले आहेत. पण कुठल्या तालुक्यातून गेलात असं विचारलं तर दहातले नऊजण डोकं खाजवतील. रामनगरला चहा होतो, पुढे झाडी दाट होते, अनमोडचं नाकं येतं, घाट लागतो आणि संपला कर्नाटक. रेल्वेनं जाणाऱ्यांचंही तेच. कॅसलरॉक स्टेशन याच तालुक्यातलं, पण तिथं गाडी थांबते तेव्हा सगळे मोबाइल काढून दूधसागरच्या तयारीला लागलेले असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातला एवढा मोठा तालुका, डोंगर आणि रान यांनी भरलेला, वस्ती जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास. जायच्या वाटेवर लागतो, जायचं ठिकाण म्हणून कुणाच्या मनात नसतो.

आज मी त्यातल्याच एका गावाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव डिग्गी. गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. सरकारी कागदात, वर्तमानपत्रात या गावाच्या नावाआधी एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे ‘दुर्गम’. माझं या शब्दाशी थोडं भांडण आहे.

आधी गाव कसं आहे ते सांगतो. आपल्या डोळ्यांना गाव म्हणजे वेस, पार, देऊळ, एकाला एक लागून घरं अशी सवय असते. जोयड्यात आतल्या भागात तसं काही दिसत नाही. तुम्ही रानातून चालत असता, मध्येच झाडी मागे सरते, भाताची चार खाचरं दिसतात, त्यांच्या वरच्या अंगाला मातीच्या भिंतींचं एक घर, शेजारी गोठा, अंगणात वाळत टाकलेलं काहीतरी. ते घर मागे पडतं, पुन्हा रान. अर्ध्या तासानं आणखी दोन घरं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ गाव केव्हा येणार म्हणून विचारत होतो. सोबतचा माणूस हसला. गाव केव्हाच सुरू झालं होतं, मलाच ते कळलं नव्हतं.

ही माणसं कुणबी. आपल्याकडच्या कुणब्यांशी नावाचं साम्य आहे, पण यांचं गोत्र जुळतं ते गोव्याच्या कुणबी, गावडे, वेळीप या मंडळींशी. बोली कोकणी, पण आपल्या कानाला परकी न वाटणारी. शिगम्याला मांडावर जमणारी, सकाळी पेज पिणारी, हुमल्यांची म्हणजे तांबड्या मुंग्यांची चटणी वाटून खाणारी. ही चटणी मी खाल्ली आहे. लिंबू न पिळता लिंबासारखी आंबट लागते. श्रोत्यांनी नाक मुरडू नये.

याच रानात, चढावरच्या सड्यांवर, धनगर गवळ्यांचे वाडे आहेत. ते मात्र घरात मराठीच बोलतात. म्हशी घेऊन पिढ्यान् पिढ्या सह्याद्रीच्या माथ्यामाथ्यानं दक्षिणेकडे सरकत आलेले हे लोक. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या गवळी धनगरांचा अभ्यास केला, त्यात एक फार सुंदर निरीक्षण आहे. खालच्या खोऱ्यात कुणबी, वरच्या माथ्यावर गवळी. कुणबी शेती आणि शिकार करणार, गवळी म्हशी राखून लोणी विकणार. एकाच डोंगरावर राहूनही एकानं दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, अशी वाटणी. हे कुणी कायदा करून ठरवलेलं नव्हतं.

आता नदीबद्दल. डिग्गीच्या परिसरात काळी नदी उगम पावते. उगमापाशी ती नदी म्हणावी अशी नाहीच, लहान पोरसुद्धा उडी मारून पलीकडे जाईल. गंमत बघा. इथून अरबी समुद्र पश्चिमेला, डोंगर उतरून गेलं की आलाच. कड्याच्या पलीकडे पडलेला पाऊस नेत्रावळीकडून जुवारीच्या खोऱ्यात उतरतो आणि थोडक्यात समुद्र गाठतो. काळी मात्र समुद्राकडे पाठ करून निघते. पूर्वेला जाते, वळसा घेते, दक्षिणेला वळते, पुन्हा पश्चिमेला येते आणि १८४ किलोमीटर चालून कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. तिच्या शेवटच्या टप्प्याचं वर्णन करणारे पुष्कळ. सत्येंद्रनाथ टागोर कारवारला न्यायाधीश होते, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ तिथं येऊन राहिले होते आणि चांदण्यात होडीतून काळीवर गेले होते. हे सगळं मुखाशी. उगमाकडे कवी सहसा जात नाहीत, तिथं जळवा फार.

मधल्या वाटेवर या नदीला सवड नाही. सुप्याचं धरण, नागझरीचं वीजघर, कोडसळ्ळी, कद्रा. साऱ्यांची मिळून बाराशे मेगावॉटच्या वर वीज. कद्र्याच्या जलाशयाला लागून कैगाचं अणुवीज केंद्र, त्याच्या चार संचांची आणखी आठशे ऐंशी. बेंगळुरूच्या एखाद्या उंच इमारतीत लिफ्ट वर जाते, तेव्हा त्यात थोडा डिग्गीचा ओहोळही असतो. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर विजेची तार अगदी अलीकडेपर्यंत पोचली नव्हती. कारण विचारलं तर उत्तर तयार, की वस्ती दुर्गम आहे, मध्ये जंगल आहे. पाणी त्याच जंगलातून बरोबर खाली गेलं. तार वर यायला मात्र वाट नव्हती.

सुप्याचं नाव निघालं आहे तर थोडं थांबतो. जोयडा हे तालुक्याचं मूळ ठाणं नव्हे. ठाणं होतं सुपा, आणि तालुकाही सुपाच. काळी आणि पांढरी अशा दोन नद्यांच्या संगमावरचा तो गाव होता. काळी आणि पांढरी! बाजार, कचेरी, देवळं, सगळं तिथं. १९८७ साली १०१ मीटर उंचीचं धरण पुरं झालं आणि तो संगम, तो बाजार, आजूबाजूची खेडी पाण्याखाली गेली. कचेऱ्या जोयड्याला आल्या. उठलेल्या माणसांपैकी पुष्कळांना रामनगरला जागा मिळाली. तेच रामनगर, जिथं आपण चहा पितो. पुढच्या खेपेला चहावाल्याला मूळ गाव विचारून बघा. एखाद्याचं उत्तर तळ्याच्या तळाशी असेल.

म्हणजे डिग्गी दुर्गम झालं ते काही अंशी असं. माणसं ज्या बाजाराला चालत जात होती तो बाजारच बुडाला. दुसरी बाजू गोव्याची. घाट उतरून गोव्यात जायचं, मीठ आणायचं, सोयरिकी करायच्या, हे जुनं चालत आलेलं. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यातली हद्द डोंगराच्या कण्यावरून गेली तरी नात्यांना ती फारशी अडवत नव्हती. १९५५ च्या सुमाराला भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, कॅसलरॉकची रेल्वेसुद्धा थांबली. १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जवळजवळ शतकभर मुंबईशी जोडलेला होता, त्यामुळे इकडच्या भागात मराठी शाळा होत्या, जुने लोक अजून मराठी वाचतात. महाराष्ट्रानं कारवार, हल्याळ, सुपा मागितले, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मला आज त्या वादात शिरायचं नाही. एवढंच सांगतो, की गोवा मुक्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी पलीकडच्या मावशीच्या घरी जायचं तर डिग्गीच्या माणसाला डोंगर ओलांडून सरळ जाता येत नाही. गाडीनं जायचं तर आधी उलट दिशेला तालुका पालथा घालायचा, मग अनमोड गाठायचं.

याहून मोठी गोष्ट कागदावर घडली. २००३ साली गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळालं. त्याच वेळी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजालाही मिळालं. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून शतकांपूर्वी आणलेल्या माणसांचे वंशज, याच रानात राहणारे. चांगलं झालं. पण जोयड्याचा कुणबी दोहोंच्या मध्ये उरला. पलीकडची मावशी आदिवासी, शेजारचा सिद्दी आदिवासी, आणि हा नाही. अनेक वर्षं अर्ज, मोर्चे, पाहण्या चालू आहेत.

यानं फरक काय पडतो, असं कुणी विचारेल. २००६ च्या वनहक्क कायद्यात फरक पडतो. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं की पुढचं बोलणं सुरू होतं. इतरांनी मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण इथेच असल्याचा पुरावा द्यायचा. आता ज्या आजोबांनी कुमरी केली, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरली आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा रानाला परत देऊन पुढे गेले, त्यांनी पावती कुणाची घेतली असेल? इंग्रजी अमलात कुमरीवर बंधनं आली, पुढे ती बंद झाली. जमीन परत द्यायची ही त्यांची रीत होती, आणि जमीन धरून ठेवल्याचा दाखला आज आपण मागतो.

आणि वाघ. वाघाबद्दल माझ्या मनात आकस नाही. १९८७ मध्येच अणशीचं राष्ट्रीय उद्यान झालं, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं, काळी व्याघ्र प्रकल्प. काळा बिबट्या, धनेश, नागराज, सगळे इथं सुखानं आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वखुशीनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला आधी दहा लाख मिळत, २०२१ पासून पंधरा लाख. काहींनी घेतले. त्यांना नावं ठेवायला मी कोण? रात्री बाळंतिणीला कांबळ्याच्या झोळीत घालून, वेळूच्या दांड्यावरून खांद्यांवर वाहून नेणाऱ्या घरात पंधरा लाखांचा हिशेब वेगळाच होतो. पण ‘स्वखुशी’ हा शब्दही ‘दुर्गम’सारखाच आहे. रस्ता, दवाखाना, वीज यांची वाट बघून माणूस थकला, की जी काही उरते तिला आपण खुशी म्हणतो.

बरं, रड पुरे. मी मुळात त्या गावात गेलो होतो कंद बघायला.

जोयड्याच्या कुणब्यांइतकं कंदांचं वेड असलेले लोक मी पाहिले नाहीत. आपल्याला रताळं, सुरण, अळकुड्या एवढं माहीत. आषाढी आली की आठवतात. यांच्या परड्यात कोन असतो, तोच आपल्याकडे कोनफळ. पांढऱ्या गराचा वेगळा, जांभळ्या गराचा वेगळा. कणगी असतात, त्यांच्या मुळांना काटे, उकडल्या की गोड. करांदे वेलीला वर लटकतात. आणि मुडली. ही अळवाच्या कुळातली, पण आपल्या अळकुडीची आजी शोभेल अशी, दांडगी. गोव्याच्या बाजारात तिला चांगली मागणी. गेली काही वर्षं दर पौषात जोयड्याला कंदांची जत्राच भरते. बायका घरून पाट्या भरून आणतात, मांडतात, आणि शहरातले लोक फोटो काढतात. विकतही घेतात, नाही असं नाही.

मृगाचा पाऊस पडला की कोन लावायचा. मातीचा उंचवटा करायचा, खाली पालापाचोळा, शेण. वेल जवळच्या झाडावर चढवायचा. पावसाळाभर सगळी वाढ जमिनीखाली. दसरा-दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, वेल वाळतो, मग मार्गशीर्ष-पौषात खणायचं. खणताना पहार जपून घालावी लागते, कंद दुखावला तर टिकत नाही. खाण्यापुरता भाग कापून घ्यायचा आणि वरचं डोकं बियाण्याला ठेवायचं. रानडुकराचा पहारा आहेच. डुकराला कंद केव्हा तयार होतो ते माणसाआधी कळतं, आणि आता त्याला हात लावायची सोय नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की या कोनाचं मूळ घर आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या बाजूला. म्हणजे इंडोनेशियाच्या पापुआतल्या एखाद्या डोंगरी गावात, जिथं जायला छोटं विमान नाहीतर पायवाट, तिथलीही एखादी बाई हाच कंद काठीनं उकरून, त्याचं डोकं बाजूला काढून ठेवत असेल. तेही गाव तिथल्या सरकारी कागदात दुर्गमच असणार. कंद मात्र हजारो मैल समुद्र ओलांडून डिग्गीपर्यंत आला, आणि कुणाच्या परवानगीवाचून रुजला.

निघताना घरच्या बाईनं मला पेज दिली, वर चुलीत भाजलेली कणगी. पैसे देऊ केले तर रागावल्या. उलट जांभळ्या कोनाचं एक डोकं राख फासून, पळसाच्या पानात बांधून पिशवीत टाकलं आणि पावसाआधी लाव म्हणाल्या. त्यांना काय सांगणार, की मी बेळगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो?

मृगात एका फुटक्या बादलीत माती भरून ते डोकं पुरलं. वेल गॅलरीच्या ग्रिलवरून आता वरच्या मजल्यापर्यंत गेला आहे. वरच्या काकू परवा विचारत होत्या, हे काय आणि कुठून आणलं म्हणून. पानं अजून हिरवी आहेत. बादली पौषात उलटी करायची आहे.