धंदा हाताने शिकायचा



आपली पोरं बी.बी.ए.ला पुण्यात जातात, जाऊ देत. पण धंदा शिकायला मला शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जास्त पटतो. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ साली काढला. तिथलं पोरगं वेल्डिंग शिकतं आणि केलेल्या वस्तूचं लोखंड, वीज, मजुरी धरून किंमतही स्वतःच काढतं. नफा फळ्यावर समजावावा लागत नाही! २००२ पासून तिथे एमआयटीच्या मदतीची फॅब लॅबही आहे.

मार्गासनीत आपण इंद्रायणी पिकवतो, पण पोत्यामागे खर्च किती आला ते किती घरांत लिहिलं जातं? भाव मात्र व्यापारी सांगतो.

सर, नववीच्या मुलांना एकदा पाबळला नेऊया. गाडीभाडं आमची बॅच देईल.