नोंदीतून सुटलेली पदके



अमेरिकेतला सैनिक सेवेतून मोकळा होतो तेव्हा त्याच्या हाती एक कागद पडतो. १९५० पासून या कागदाला ‘डीडी २१४’ म्हणतात. भरती कधी झाली, सुटका कधी झाली, हुद्दा काय होता, पदके, फिती आणि बिल्ले कोणते मिळाले, हे सारे त्यावर नोंदलेले असते. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आयुष्यात सातबाऱ्याची जी जागा, तीच तिकडे माजी सैनिकाच्या आयुष्यात या कागदाची. जमीन कोण कसतो हे साऱ्या गावाला ठाऊक असते, पण उताऱ्यावर नाव नसले तर तलाठ्याच्या लेखी तो कोणीच नसतो. सैनिकाने पदक मिळवले असेल आणि ते या कागदावर चढायचे राहिले असेल, तर ते चढवून देणे हे सरकारने त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत. ते सरकारचेच अर्धे राहिलेले काम आहे आणि ते पुरे करण्याचा भार सैनिकावर पडता कामा नये. आज मला मांडायचे आहे ते एवढेच. ऐकायला हे सोपे वाटते, पण तिथली व्यवस्था आजही बऱ्याच अंशी याच्या उलट चालते.

नोंदी अपुऱ्या का राहिल्या, हे आधी पाहू. १९४५ मध्ये युरोपातले युद्ध संपले आणि लाखो सैनिकांना घरी पाठवण्याचे काम सुरू झाले. कोण आधी सुटणार हे गुणांवर ठरे आणि सुरुवातीला त्यासाठी ८५ गुण लागत. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातल्या महिन्याला आणखी एक, तीन मुलांपर्यंत प्रत्येकामागे बारा आणि प्रत्येक पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला पाच. म्हणजे पदक त्या दिवसापासूनच शोभेची वस्तू नव्हती. त्याची किंमत घरी लवकर पोहोचण्यात मोजली जात होती. अशा घाईत कारकुनांनी सुटकेचे कागद भरले. पलटणीचे हुकूम अजून वाटेत होते, काही गौरव जाहीरच व्हायचे होते. युरोप-आफ्रिका मोहिमेचे पदक १९४२ मध्ये ठरले, पण ते प्रत्यक्ष घडवून पहिल्यांदा दिले गेले १९४७ मध्ये, आणि पहिले मानकरी होते खुद्द सेनापती आयझेनहॉवर. तोवर सैनिकांना फक्त फीत मिळत होती.

ब्राँझ स्टार या पदकाची हकीकत याहून बोलकी आहे. १९४७ मध्ये असे ठरले की दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्या पायदळाच्या ज्या सैनिकाला कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज मिळाला, तो ब्राँझ स्टारलाही पात्र आहे. वैद्यकीय पथकातल्या जवानांच्या तशाच बिल्ल्यालाही हाच नियम लागू झाला. मात्र निर्णय झाला तेव्हा बहुतेक सैनिक शेतीवर, कारखान्यात, कॉलेजात परतले होते. बिल्ला कोणाकोणाला दिला याच्या नोंदी सरकारच्याच दप्तरात होत्या. तरीही पदक हवे असेल तर अर्ज सैनिकाने करायचा, असे ठरले. ज्याला नियमच माहीत नाही तो अर्ज कशाचा करणार?

यानंतर आली ती आग. सेंट लुइस शहरालगतच्या ओव्हरलँड इथे सैनिकांच्या सेवानोंदींचे राष्ट्रीय दप्तर एका सहामजली इमारतीत होते. १२ जुलै १९७३ रोजी तिच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि ती चार दिवसांहून अधिक धुमसत राहिली. त्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या नोंदींपैकी अंदाजे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६४ मध्ये हवाई दलातून सुटलेल्यांपैकी ज्यांचे आडनाव वर्णानुक्रमे ‘हबर्ड’च्या पुढे येते, त्यांच्या नोंदींपैकी ७५ टक्के. या फाइलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपट नव्हते, तिथे नेमके काय होते याची सूचीही नव्हती. आगीचे कारण शेवटपर्यंत ठरले नाही. ओले, अर्धवट जळालेले कागद निर्वात कोठ्यांत वाळवून लाखो फाइली वाचवण्यात आल्या. ते काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी आदरच वाटायला हवा. पण आडनाव कोणत्या अक्षराने सुरू होते यावर एखाद्याचा पराक्रम सिद्ध होण्याची शक्यता ठरावी, ही गोष्ट मनाला लागून राहते.

आता दुरुस्तीची वाट. किरकोळ चूक असेल तर दप्तरखाते ‘डीडी २१५’ नावाची पुरवणी देते. वाद असेल तर प्रत्येक दलाच्या नोंददुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. १९४६ च्या कायद्याने ही मंडळे आली आणि त्यांत मुलकी अधिकारी बसतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. लष्कराचे मंडळ सुरुवातच एका गृहीतकाने करते : सरकारने आपले काम रीतसर केले होते. ते चुकले हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. माझा आक्षेप इथे आहे. ज्या दप्तराची कोठी सरकारची, किल्ल्या सरकारच्या आणि आगही सरकारच्या छपराखाली लागली, त्या दप्तरातला कागद ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने आणून दाखवावा, अशी अपेक्षा न्यायाची म्हणता येत नाही. हा विचार अमेरिकन कायद्याला परकाही नाही. माजी सैनिकांच्या भत्त्यांचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने १९९१ मध्येच, ओहेअर यांच्या खटल्यात म्हटले की नोंदी सरकारच्या ताब्यात असताना नाहीशा झाल्या असतील तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा की नाही हे तपासण्याची सरकारची जबाबदारी अधिक वाढते. भत्त्याला जे तत्त्व लागू, ते पदकाला का नसावे?

यावर पहिला आक्षेप येतो तो पदके स्वस्त होण्याचा. न मिळवलेली पदके छातीवर मिरवणारे लोक अमेरिकेत आहेत; त्यांना आळा घालणारा २००५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी लाभासाठी केलेल्या खोटेपणापुरता नवा कायदा आला. भीती खरी आहे. १९१७ मध्ये लष्कराने मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च पदकाच्या यादीची झाडाझडती घेतली आणि ९११ नावे कापली. त्यांतली ८६४ एकट्या सत्ताविसाव्या मेन पलटणीची होती. तिच्यातले सुमारे तीनशेच जवान यादवी युद्धात मुदत संपल्यावर राजधानीच्या रक्षणासाठी थांबले होते, पण पदके वाटली गेली साऱ्या पलटणीला. म्हणजे ढिलाईने दिलेले पदक काढून घ्यावे लागते, हे मला मान्यच आहे. पण त्याच झाडाझडतीत यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक डॉ. मेरी वॉकर यांचेही नाव गेले आणि ते १९७७ मध्ये परत घालावे लागले. दप्तर दोन्ही बाजूंनी चुकते. म्हणून पुराव्याची कसोटी कडकच ठेवावी. मी सैल करायला सांगतो आहे ते फक्त पुरावा कोणी शोधायचा हे ओझे.

हा फरक नीट धरला तर दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर मिळते. लोक म्हणतात, पन्नास वर्षांनी शौर्य कसे मोजणार? पण बहुतेक अर्जांत शौर्य मोजायचेच नसते. मोहिमेचे तारे, पलटणीला मिळालेला सामूहिक गौरव, जखमेबद्दलचे पर्पल हार्ट : यांत निवाडा कमी आणि पडताळणी जास्त. सैनिक अमुक दिवशी अमुक तुकडीत होता का, जखमी झाला का, एवढाच प्रश्न. मूळ फाइल जळाली तरी तुकडीची रोजची हजेरी, शेवटच्या पगाराची पावती, लष्करी रुग्णालयांच्या नोंदींचे संच हे अन्यत्र शिल्लक आहेत. खुद्द निवाडा करायचा असतो ती पदके थोडी, आणि तिथेही काळ उलटल्याने सत्य हाती लागतच नाही असे नाही.

याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या मुलखाला खेटून आहे. एप्रिल १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई, सेनिओ नदीवर ९ तारखेला लढले. त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याच आघाडीवर, चारच दिवस आधी, कृष्णवर्णीय अमेरिकन लेफ्टनंट व्हर्नन बेकर यांनी जर्मनांची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त केली. त्यांना मात्र आपल्या देशाच्या सर्वोच्च पदकाच्या खालोखालचे पदक मिळाले. त्या महायुद्धासाठी एकाही कृष्णवर्णीयाला मेडल ऑफ ऑनर दिले गेले नव्हते. लष्कराने शॉ विद्यापीठाकरवी अभ्यास करवला, तेव्हा कुठे १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते मिळाले आणि त्यांतले एकटे बेकर हयात होते. पहिल्या महायुद्धातले कृष्णवर्णीय सैनिक हेन्री जॉन्सन तर १९२९ मध्येच वारले. फ्रान्सने त्यांना तेव्हाच गौरवले होते. त्यांच्या देशाने पर्पल हार्ट १९९६ मध्ये आणि सर्वोच्च पदक २०१५ मध्ये दिले. त्यासाठी निर्णायक ठरला तो त्या युद्धातले अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंग यांचा १९१८ सालचाच संदेश. तो सरकारी कागदांतच पडून होता. अर्जदाराच्या घरी असण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत उथळ वाटतो : धातूच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? अमेरिकन कायद्यात, शत्रूशी प्रत्यक्ष लढलेल्या सैनिकाने आपल्या दुखापतीबद्दल सांगितलेली हकीकत, ती त्या परिस्थितीशी जुळत असेल तर, कागदोपत्री आधार नसतानाही मानली जाते. आणि तो लढला होता हे कशावरून ठरते? बहुधा कॉम्बॅट बिल्ल्यावरून किंवा पर्पल हार्टवरून. पर्पल हार्ट असेल तर सरकारी रुग्णालयात त्याचा क्रमही वर लागतो. कागदावर एक ओळ नसली की पाठीच्या दुखण्यापासून बहिरेपणापर्यंत सारे त्याला नव्याने सिद्ध करावे लागते. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या माजी सैनिकांना, पत्नीचे नाव ‘पार्ट टू ऑर्डर’ या लष्करी नोंदीत चढले नाही म्हणून कुटुंबाचे निवृत्तिवेतन कसे अडते, हे सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे व्यवहाराच्या बाजूने संपते. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि कोरियाच्या तुकड्यांना कोणते सामूहिक गौरव आणि कोणत्या मोहिमांचे श्रेय मिळाले, याची छापील नोंदवही लष्कराकडे आहे. व्हिएतनामसाठी तशीच दुसरी आहे. नोंददुरुस्ती मंडळाचे सदस्य आजही एखादा अर्ज आला की याच वह्या उघडतात आणि राहिलेले तारे कागदावर चढवण्याचा हुकूम देतात. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांच्या फाइली त्या आगीत गेलेल्यांत फारशा नव्हत्या, आणि त्यांतले बहुतेक आता सत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत. कोणाच्या अर्जाची वाट न पाहता दप्तरखात्याने या वह्या आणि सैनिकांच्या फाइली या सरकारच्याच दोन कागदांचा ताळा आपणच घालावा आणि ‘डीडी २१५’ टपालाने घरी पाठवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, माणसे आणि पैसा लागतो, आणि तो मंजूर करण्याचा अधिकार ज्या अमेरिकन काँग्रेसने युद्धाचा खर्च मंजूर केला तिच्याकडेच आहे.