आपले ओझे आपल्या पाठीवर
(वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे झालेले भाषण)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून आजवर वधूवरसूचन, विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृहाचा जीर्णोद्धार अशा विषयांचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. आज मजकडे सोपविलेला विषय त्या पंक्तीत सहज बसणारा नव्हे. पाठीवर बिछाना, शिधा व पाणी घेऊन डोंगरात मुक्कामाने हिंडण्यास नव्याने निघालेल्या स्त्रीने काय शिकावे, असा तो विषय. महिला शाखेने डिसेंबर महिन्याच्या अखेरीस राजमाचीचा दोन दिवसांचा बेत आखला. तो जाहीर होताच कित्येक घरांतून नापसंतीचे निरोप आले. नापसंती वडील मंडळींची, तेव्हा समजूतही एखाद्या वडील माणसानेच घालावी, असे चिटणीस बाईंनी ठरविले व मला उभे केले. मी केवळ मॅट्रिक झालेला, छत्तीस वर्षे मुलांना मराठी व भूगोल शिकविलेला मनुष्य. अधिकार म्हणाल तर एवढाच की, सह्याद्रीच्या घाटवाटा मी पायांनी ओळखतो.

प्रथम नापसंतीचा विचार करू. स्त्रियांना हे कष्ट झेपणार नाहीत, असे एका गृहस्थांनी कळविले आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या वृद्ध माउल्या या गृहस्थांनी पाहिल्या नसतील काय? ठाकर आणि महादेव कोळी स्त्रिया डोक्यावर चुंबळ ठेवून सरपणाची मोळी ज्या वाटेने उतरवितात, त्या वाटेने आपल्यापैकी कित्येकांना रिकाम्या हातांनीही नीट उतरता येणार नाही. तेव्हा चालण्याचा अथवा ओझ्याचा हा प्रश्नच नव्हे. वारीत देवाचे निमित्त असते, मोळीत चुलीचे. कोणतेही निमित्त नसताना, केवळ स्वतःच्या आनंदाकरिता, स्वतःचे ओझे उचलून एखादी गृहिणी निघाली की मग आपणांस तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. मी एका शाळेत असताना मुलांच्या सहलीला गडावर मुक्काम असे, आणि मुलींची सहल मात्र दिवेलागणीपूर्वी परत आणावी असा व्यवस्थापक मंडळाचा दंडक असे. गड तोच, वाट तीच, शिक्षकही तेच. त्या मुली आज चाळिशी-पन्नाशीच्या झाल्या आहेत आणि त्यांपैकी कोणी आज आयुष्यात प्रथमच सॅक उचलू पाहत असेल, तर तिची सुरुवात उशिरा का होत आहे हे निराळे सांगावयास नको.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी एक उदाहरण सांगतो. ते आपल्या देशातले नाही. अमेरिकेतील ओहायो संस्थानात एमा गेटवुड नावाची एक शेतकरी स्त्री होती. अकरा मुलांची आई. पती मारहाण करी, आणि असह्य झाले की ती रानात जाऊन बसे. पुढे तिने घटस्फोट घेतला. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅपलाचियन ट्रेल या डोंगरवाटेवरील एक लेख तिने ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात वाचला. १९५४ साली ती उत्तरेच्या टोकाकडून एकटीच निघाली. थोड्याच दिवसांत वाट चुकली, चष्मा फुटला, अन्न संपले. वनरक्षकांनी तिला शोधून काढले व घरी जाण्याचा सल्ला दिला. ती घरी गेली. रोजचे चालणे हळूहळू वाढवीत नेले आणि ३ मे १९५५ रोजी दक्षिणेच्या टोकाकडून पुन्हा निघाली. मुलांना एवढेच सांगितले होते की, मी जरा फिरायला जाते. २५ सप्टेंबर रोजी ती कटाडिन पर्वताच्या माथ्यावर पोहोचली. सुमारे ३,३०० किलोमीटर वाट, १४६ दिवस, आणि वय सदुसष्ट! ही वाट एका दमात एकटीने पुरी करणारी ती पहिली स्त्री. पुढे तीच वाट तिने आणखी दोनदा पुरी केली.

आपल्याला घेण्यासारखे आहे ते तिच्या पिशवीत. पिशवी तिने घरीच जाड सुती कापडाची शिवली होती व ती एका खांद्यावर टाकून ती चालत असे. आत एक ब्लँकेट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, दोरी, चाकू, विजेरी, आयोडीन, जखमेच्या पट्ट्या आणि टिपणवही. खाण्यास मनुका, शेंगदाणे असले पदार्थ. सगळे मिळून नऊ किलोंच्या आतच. तिचे कापडी बूट व तंबूवाचून झोपणे यांचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. तिचे बूट वाटेत कित्येकदा फाटले. परंतु आपल्या पिशवीतली प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे तिला ठाऊक होते. त्यातले एखादे बोचके दुसऱ्या कोणाच्या पाठीवर जाणार नव्हते.

आता घरचे सांगतो. आमच्या धाकट्या सूनबाई नोकरी करतात, वय चौतीस. त्यांनी गेल्या वर्षी ही विद्या शिकावयास आरंभ केला. पहिल्या मुक्कामाच्या आदल्या दिवशी त्यांनी सारे सामान सतरंजीवर मांडले आणि प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर तोलली. सॅकसकट बेरीज साडेतेरा किलो झाली. त्यात आमच्या सौभाग्यवतींचा वाटा मोठा होता: तीन पुडांचा स्टीलचा डबा, दीड किलो लाडू-चिवडा, एक घोंगडी, आणि “असू दे गं” या सदरात आणखी बरेच काही. सूनबाईंचे स्वतःचे वजन बावन्न किलो. नवशिकीने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घेऊ नये, असा माझा आग्रह. म्हणजे दहा किलोंच्या आत, आणि तेही तीन लिटर पाणी धरून. पाण्याला कात्री लावता येत नाही, ते लिटरला किलो या हिशेबाने नाक वर करून उभेच राहते. म्हणून डबा गेला, घोंगडी गेली, कपड्यांचा दुसरा जोड गेला, लाडू चारच राहिले. साडेआठ किलोंवर काटा थांबला. “मामंजी, सासूबाईंना तुम्ही सांगा,” असे म्हणून सूनबाई पाणी भरावयास गेल्या. मी सांगितले. त्यावर जे ऐकले ते या सभेपुढे सांगण्याजोगे नाही.

सॅक निवडण्याविषयी सांगतो, कारण येथे स्त्रियांची फसगत होते. बाजारातील पुष्कळ पिशव्या पुरुषाच्या पाठीच्या मापाने शिवलेल्या असतात. मान खाली वाकविली असता मागे जो मणका वर येतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. ते आपल्या पाठीचे माप. उंचीवर जाऊ नये, कारण सारख्या उंचीच्या दोघींच्या पाठी सारख्या असतातच असे नाही. कमरपट्टा पोटावर न आवळता कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, म्हणजे बहुतेक भार नितंबांवर व पायांवर उतरतो आणि खांदे मोकळे राहतात. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात पाहण्याला काही अर्थ नाही. आत सात-आठ किलो घालावयास लावावे व दुकानातच पंधरा मिनिटे हिंडावे. दुकानदार त्रासला तर त्रासू द्यावा. भरताना बिछाना तळाशी, जड वस्तू मध्यभागी पाठीला लागून, आणि पाणी, विजेरी, औषधे हाताला लागतील अशी वर.

सराव घराजवळच होतो. सूनबाईंनी पर्वतीच्या पायऱ्यांवर केला. पहिल्या आठवड्यात सॅकमध्ये तीन किलो, मग पाच, मग सात. आणि भार म्हणून पाण्याच्या बाटल्या, कारण माथ्यावर पोहोचल्यावर पाणी झाडांना घालून मोकळ्या पिशवीने उतरता येते व गुडघे वाचतात. (हे शहाणपण त्यांचेच, मी गहू भरण्याची सूचना केली होती.) त्यानंतर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड दोनदा. त्या दोन चढणींत बूट कोठे चावतात ते कळले. टाचेला ऊब लागू लागताच, फोड येण्याची वाट न पाहता, तेथेच बसून चिकटपट्टी लावावी. पुढच्या मंडळींना थांबवावयाचा संकोच करून मुली चालत राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चप्पलही घालवत नाही.

संकोचाचा विषय निघाला आहे, तर जे सहसा सभेत बोलत नाहीत तेही बोलतो. पुढे बसलेल्या वडील मंडळींनी क्षमा करावी. आडोसा मिळणार नाही या भीतीने पुष्कळ स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्या उघड्या डोंगरसोंडांवर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. उन्हात घाम जातो, डोके दुखू लागते, मळमळते, पाय वळतात, आणि मग लोक म्हणतात की बायकांना झेपत नाही! यासाठी तुकडीच्या प्रमुखाने दर दीड-दोन तासांनी थांबून पुरुष मंडळींना पुढे काढून द्यावे. कोणाला विचारावे लागू नये. शौचास पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा व तो बुजवावा. मासिक धर्माच्या दिवसांत डोंगर वर्ज्य नाही. वापरलेल्या पट्ट्या मात्र रानात पुरू नयेत, जनावरे उकरून काढतात. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून त्या परत आणाव्यात. हे सांगताना मला अवघड वाटले नाही असे नाही, परंतु ज्या गोष्टीवाचून निम्मी तुकडी अडते ती भाषणातून गाळून कसे चालेल?

राजमाचीच का, असे विचारले गेले आहे. लोणावळ्याकडून जाणारी वाट सुमारे पंधरा किलोमीटर लांब असली तरी बरीचशी सपाट आहे. कोंदिवड्याकडून येणारी कोकणातली चढण नवख्यांसाठी नव्हे. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव आहे. पहिली रात्र गावाजवळ काढावी. तंबू अंगणात लावावा, स्वयंपाक स्वतः करावा, आणि काही बिनसले तर हाकेच्या अंतरावर माणसे असावीत. रानात किंवा गडावर राहण्यापूर्वी तेथे मुक्कामास परवानगी आहे किंवा नाही हे वनखात्याकडे व गावात विचारावे. डिसेंबरही मुद्दाम निवडला आहे. पावसात ओढे घटकाभरात फुगतात, आणि चैत्र-वैशाखात पाणी आटते.

भयाची कारणे खरी असतात ती अशी, आणि ती स्त्री-पुरुष भेद जाणत नाहीत. आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर व आरडाओरड वर्ज्य. फुरसे दगडांत बसते, म्हणून हात टेकण्यापूर्वी पाहावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे काहीही न करता तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. हिरकणीची आख्यायिका आपण कौतुकाने सांगतो, सांगावीच. परंतु अंधारात अनोळखी कडा उतरणे हे बाळासाठी व्याकूळ झालेल्या आईचे काम, सहलीचे नव्हे. अंधार पडण्यापूर्वी दोन तास मुक्कामी असावे.

घरच्या वडिलांनी मग काय करावे? परवानगी देणे अथवा नाकारणे एवढेच आपले काम आहे, असे आपण धरून चालतो. सूनबाई निघाल्या तेव्हा मी त्यांच्याकडून एक कागद लिहून घेतला: वाट कोणती, पायथ्याचे गाव कोणते, सोबत कोण, परतीची वेळ कोणती, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी आम्ही चौकशीस निघावे. भ्रमणध्वनीला दरीत बहुधा आवाज नसतो, म्हणून कागद. तो देवघराशेजारी लावला. सौभाग्यवतींनी तो दिवसातून किती वेळा वाचला याची गणती नाही; पण त्या रात्री त्यांना झोप लागली, कारण भिंतीवर गावाचे नाव होते. सूनबाई दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेआधी चाळीस मिनिटे परतल्या. सॅक कोणाला घेऊ दिली होती काय, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. नाही, हे उत्तर. चार लाडूंपैकी दोन परत आले, आणि त्यावरून घरात जी चर्चा झाली ती अद्याप संपलेली नाही.

बचेंद्री पाल या उत्तरकाशी जिल्ह्यातील कन्येने २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवले, आणि तिचे शिक्षण तेथील नेहरू गिर्यारोहण संस्थेत झाले, हे आपण शाळेत मुलांना सांगतो. ती संस्था स्त्रियांना आजही शिकविते. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी दार उघडे आहे. आजचा आपला बेत मात्र पंधरा किलोमीटर आणि एक रात्र एवढाच आहे.

नावनोंदणीची वही चिटणीस बाईंजवळ आहे. आतापर्यंत अकरा नावे आली असून त्यांपैकी चार जणींच्या नावांपुढे ‘घरी विचारून सांगते’ असे लिहिलेले आहे. त्या घरांतील वडील मंडळी येथे हजर आहेत असे मला समजते. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन. लोणावळ्याकडील वाटेचा नकाशा मी हाताने काढून आणला आहे, आणि घरचा वजनकाटाही आणला आहे. ज्यांनी सॅक भरून आणल्या असतील त्यांनी त्या तेथे घेऊन याव्यात.