वस्तऱ्याची निगा

मंडळी, आता माहूरच्या दुकानांत पाते बदलायचे वस्तरे दिसतात. पण काही घरांत आजोबांचा पोलादी वस्तरा अजून आहे. त्याविषयी आम्ही सांगतो.

धार बसली की नवशिका लगेच दगड शोधतो. थांबा! दाढी करताना धार नकळत वाकते. ती सरळ करायला चामड्याचा पट्टा पुरतो. पट्टा खुंटीला अडकवून ताणून धरा. वस्तरा आडवा टेकवा. पाठ पुढे, धार मागे. परतताना वस्तरा पाठीवरच उलटवा. नाहीतर पट्टाही चिरतो अन् धारही जाते. २०-३० हात बस्स. जोर मुळीच नको.

पट्ट्याने भागेना, तेव्हाच बारीक पाथरी भिजवून घ्या. इथे उलटे, धार पुढे. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली हवीत. पहिल्या वेळी जाणत्या न्हावीदादांजवळ बसा. हे काम नुसते वाचून हाताला येत नाही.

मग वस्तरा कोरडा पुसून तेलाचा हात द्या. पावसाळ्यात गंज लवकर धरतो.

आणि एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये, बाप-लेकांनीसुद्धा. 'बी' नावाची कावीळ रक्तातून जाते. डोळ्याला न दिसणारा ठिपकाही पुरतो. नुसत्या पाण्याने धुऊन ते जंतू मरत नाहीत.