घरातलं हत्यार कुणाला वाचवतं?



अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये दंगल झाली, संचारबंदी लागली. तेव्हापासून दोन्ही समाजांत एक वाक्य कानी पडतं: "घरात काहीतरी पाहिजे, भाऊ."

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. आमच्या कामात नवी गोष्ट बसवण्याआधी विचारतात, बिघडलं तर काय होईल? हत्यारालाही हेच विचारू.

१९९३ मध्ये मुंबईच्या दंगलीच्या काळात संजय दत्तने एके-५६ घेतली. कुटुंबाच्या संरक्षणासाठी, असं त्याचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिली. वडील खासदार असून ही गत. मग आपल्या मोहल्ल्यातल्या पोराचं काय?

अमेरिकेत अशा रायफलींवर १९९४ ते २००४ बंदी होती. ती संपली, वाद सुरूच आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं प्रतिबंधित हत्यार बाळगल्यास किमान ७ वर्षं कैद. तलवार सापडली तरी गुन्हा दाखल होतो. मग पासपोर्ट अडतो, नोकरी अडते. आणि दगडफेकीत दुकान काही तलवारीने वाचत नाही.

त्यापेक्षा चौकातल्या दहा दुकानदारांचे नंबर आजच घ्या, दोन्ही समाजांतले. अफवा आली की आधी त्यांना विचारा, गरज पडली तर ११२ लावा. पोराच्या हाती हत्यार देऊ नका, हे नंबर द्या.