रंगवावयाच्या गोष्टींचीं चित्रें

चित्रांविषयीं नभोवाणीवरून बोलावयाचें, म्हणजे पक्वान्नांची चव पत्रानें कळविण्यासारखें आहे. शिवाय मी चित्रकार नव्हें. जिंतुरास शाळामास्तरकींत आयुष्य काढलेला, जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक गृहस्थ. फळ्यावर आंबा काढला तर मुलें त्याला वांगें म्हणत. असें असतांहि हा विषय मीं हातीं घेतला, कारण त्यांत माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती माझ्या सात वर्षांच्या नातीनें मला दाखवून दिली.

लहान मुलांसाठीं रंगवावयाच्या गोष्टींचीं पुस्तकें हल्लीं पुष्कळ निघतात. पानावर दोन-चार ओळी गोष्ट, आणि वर नुसत्या काळ्या रेघांचें चित्र. रंग मुलानें भरावयाचा. कल्पना नवी नाहीं. बीॲट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईनें पीटर नांवाच्या सशाची गोष्ट लिहून तिचीं चित्रेंहि स्वतःच काढलीं. ती गोष्ट १९०२ सालीं लंडनच्या प्रकाशकानें छापली, आणि १९११ सालीं त्याच सशाचें रंगविण्याचें पुस्तक निघालें. आपल्याकडे १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा निघाली, १८९४ सालीं मुंबईंत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि रंगीत चित्रें साध्या माणसाच्या भिंतीवर येऊं लागलीं. परंतु तीं तयार रंगांचीं. ज्या चित्राचा रंग मुलाच्या मुठींत आहे त्याची परीक्षा निराळी करावी लागते, हें मला पूर्वीं कधीं सुचलें नव्हतें.

माझा एक जुना विद्यार्थी छपाईच्या धंद्यांत आहे. गेल्या वर्षीं पोळ्याच्या सुमारास त्यानें असें एक सोळा पानांचें पुस्तक काढावयाचें ठरविलें. गोष्ट एका बैलाची. चित्रें संगणकाकडून करविलेलीं. म्हणजे काय पाहिजे त्याचें वर्णन लिहून द्यावयाचें आणि यंत्रानें क्षणांत चित्र काढून द्यावयाचें, अशी सोय आतां झाली आहे. मुद्रितें घेऊन तो मजकडे आला. "गुरुजी, एकदां नजर फिरवा," म्हणाला. मीं नजर फिरविली, पण ती अक्षरांवर. ऱ्हस्वदीर्घ पाहिलें, दोन स्वल्पविराम वाढविले, आणि चित्रांकडे पाहून "छान आहेत" इतकेंच म्हणालों. पांचशें प्रती छापून झाल्या. त्यांतली एक नातीसाठीं घरीं आली.

गोष्टींतला सोन्या हा देवणी जातीचा बैल. देवणी ही आमच्या मराठवाड्याची नांवाजलेली जात. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तिचे प्रकार अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून ओळखतात. वानेऱ्याचें अंग पांढरें आणि तोंडाच्या बाजू काळ्या. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग वेडेवांकडे पसरलेले. आमचा सोन्या शेवरा. पहिल्या पानावर त्याच्या डाव्या कुशीवर एक मोठा डाग आणि उजव्या शिंगाचें टोंक मोडलेलें, असें दाखविलें होतें. शिंग कसें मोडलें, हीच तर गोष्ट होती.

नात खडू घेऊन बसली. थोड्या वेळानें पाहतों तों तिसऱ्या पानावरच्या बैलाच्या कुशीवर, जेथें रेघ नाहीं कीं खूण नाहीं, तेथें तिनें काळा खडू फांसलेला. मास्तरकी अंगांतून जात नाहीं. मीं दरडावून विचारलें, "रेघ नाहीं तेथें रंग कशाला?"

ती म्हणाली, "आबा, हा सोन्याच आहे ना? त्याचा डाग हरवला होता, तो मी परत दिला."

नवव्या पानावरचा बैल तिनें कोराच सोडला होता. तो कां, असें विचारलें. "हा आपला नाही. ह्याचं शिंग धड आहे. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

मीं चष्मा पुसला आणि पुस्तक आरंभापासून पाहिलें. पोरीचा शब्द न् शब्द खरा होता. पांचव्या पानावर डाग उजव्या कुशीवर गेला होता. बाराव्या पानावर कासरा वेसणीपासून निघून, कोणाच्याहि हातीं न जातां, हवेंतच संपत होता. बैलाला ओवाळणाऱ्या बाईच्या एका हाताला बोटें सहा होतीं, आणि त्या सहाव्या बोटालाहि नातीनें रंग दिलेला नव्हता.

श्रोतेहो, मला लाज वाटली ती त्या चुकांची नव्हे. चुका कोणाच्याहि हातून होतात. परंतु पोरीचे डोळे बरोबर असतां मीं तिला दरडावलें, याची वाटली. छापलेलें तें खरें, असें आम्ही मास्तरच मुलांना शिकवितों. मग पुस्तक एक सांगूं लागलें आणि डोळे दुसरें सांगूं लागले, कीं मूल बिचारें पुस्तकाच्या बाजूला जातें. माझी नात हट्टी म्हणून गेली नाहीं. एखाद्या वर्गांतलीं चाळीस मुलें मुकाट्यानें सहावें बोट रंगवून मोकळीं होतील.

त्यानंतर मी विचार करूं लागलों कीं, मूल गोष्टींतल्या पात्राला ओळखतें तें कशावरून? रंगीत पुस्तकांत तांबड्या परकराची ती मुलगी, एवढें पुरतें. येथें तसें चालत नाहीं. मुलाच्या लहरीप्रमाणें परकर आज तांबडा, उद्यां हिरवा. म्हणजे ओळख पटविण्यास चित्रकाराजवळ रेघेवांचून कांहीं उरत नाहीं. या अडचणीचें उत्तर आमच्या गांवाजवळ नेमगिरीच्या डोंगरांत आहे. तेथल्या जैन लेण्यांतील तीर्थंकरांच्या मूर्ति पाहा. मुद्रा तीच, शांति तीच, ध्यान तेंच. मग नेमिनाथ कोणते आणि शांतिनाथ कोणते? जैन मूर्तिकलेनें त्यासाठीं लांछनें ठरवून ठेविलीं आहेत. नेमिनाथांचा शंख, शांतिनाथांचें हरीण. पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागाच्या फणा. बाहुबली हे तीर्थंकर नव्हेत, पण अंगावर चढलेल्या वेलींवरून तेहि चटकन ओळखूं येतात. आमच्या सोन्याचें लांछन म्हणजे तो डाग आणि तें शिंग. तें हरपलें कीं सोन्या हरपला.

खूण ठरविणें सोपें आहे. सोळा पानें ती सांभाळणें कठीण. डाग डाव्या कुशीवर आहे म्हणून तो प्रत्येक चित्रांत दिसलाच पाहिजे, असेंहि नाहीं. बैल उजवीकडे तोंड करून उभा राहिला तर आपणांस त्याची उजवी कूस दिसते, आणि तेथें डाग असतां कामा नये. येथें एक आळस फार नडतो. बैल दुसऱ्या बाजूला वळवावयाचा तर नवें चित्र काढण्याऐवजीं जुनेंच चित्र आरशांत पाहिल्यासारखें उलटें करून टाकतात. बैल वळतो खरा, पण डाग उजव्या कुशीवर जातो, मोडलें शिंग डावें होतें, बाईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर येतो, आणि जेवणारा मनुष्य डाव्या हातानें जेवूं लागतो. हा दोष माणसाच्या हातच्या चित्रांतहि सांपडतो. यंत्राचा दोष याहून वेगळा. तें पुष्कळदां प्रत्येक पान जणूं पहिल्यानेंच काढीत असतें. मागच्या पानावरचा सोन्या त्याच्या लक्षांत राहात नाहीं. यंत्रें सुधारत आहेत हें मी जाणतों. पण पान छापण्यापूर्वीं पाहावयाचें काम कोणी तरी मनुष्यानें केलेंच पाहिजे, आणि तें माझ्यासारख्या अर्धवट पाहणारानें करूं नये.

माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मुलांचेंच तर पुस्तक, कोण एवढें बारकाईनें पाहतें?" मीं त्याला ॲलिसच्या गोष्टीची हकीकत सांगितली. १८६५ सालीं लुइस कॅरोलचें तें पुस्तक छापून तयार झालें, प्रती २,०००. चित्रें जॉन टेनिएल यांचीं. छपाईंत चित्रें नीट उठलीं नाहींत, अशी टेनिएलनें तक्रार करतांच कॅरोलनें ती आवृत्ति मागें घेतली आणि पुस्तक दुसऱ्या छापखान्यांतून पुन्हां छापवून घेतलें. खर्च त्याच्याच शिरावर होता. तेंहि मुलांचेंच पुस्तक!

विद्यार्थ्याजवळ तेवढा पैसा नव्हता. उरलेल्या तीनशें प्रती घेऊन तो, मी आणि नात असे तिघे ओसरीवर बसलों. दोन रविवार गेले. तिसऱ्या पानावर डागाची रेघ काढली, सहावें बोट आणि नवव्या पानावरच्या शिंगाचें टोंक दुरुस्तीच्या पांढऱ्या शाईनें पुसलें. त्या पांढऱ्या शाईवर खडू नीट बसत नाहीं, हें मागाहून कळलें.

यंदां त्याचें दुसरें पुस्तक निघत आहे, आणि या वेळीं मीं चित्रें आधीं मागितलीं. आरंभीं एक नमुन्याचें पान करविलें. त्यांत प्रत्येक पात्र दोन्ही बाजूंनीं आणि समोरून. मुलीचें डोकें बैलाच्या वशिंडापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हें सुद्धां ठरवून. मग सर्व पानें जाजमावर ओळीनें मांडलीं. पहिल्या फेरींत फक्त बैल पाहिला, दुसरींत फक्त मुलगी, तिसरींत गाडी आणि तिचीं चाकें. सगळें एकदम पाहूं गेलें कीं नजर घसरते. शुद्धलेखन तपासणारांना हा अनुभव आहे. त्यानंतर मजकूर झांकला आणि नुसत्या चित्रांवरून नातीला गोष्ट सांगावयास लाविलें. दोन ठिकाणीं ती अडली. तीं दोन्ही चित्रें बदललीं. रेघेवरून बोट फिरवून ती कोठें तुटते हेंहि पाहिलें, कारण रेघ तुटली कीं मुलाला रंग कोठें थांबवावा तें कळत नाहीं. झुलीवरची नक्षी इतकी बारीक होती कीं खडूचें टोंक तींत शिरेना. ती अर्धी काढून टाकावयास सांगितली. कागदाविषयीं एवढेंच सांगतों कीं, शाईच्या पेनानें रंगवून तो उलटून पाहावा.

शेवटीं कच्च्या छापाची एक प्रत नातीला दिली आणि मी मुद्दामच दूर बसलों. तिनें पंधरा पानें रंगविलीं. अकरावें कोरें ठेवलें. त्यांत मुलगी विहिरींतून पाणी शेंदते आहे, दोर हातांत आहे, कडेवर घागर आहे; पण दोराच्या दुसऱ्या टोंकाला पोहरा नाहीं. तिघांनीं जाजमावर बसून तपासलेल्या पानांतलें तें एक. तें परत पाठविलें आहे.