चुन्याचा निरोप



धार जिल्ह्यातील बाग हे गाव लेण्यांसाठी आणि कापडावरील छपाईसाठी सर्वश्रुत आहे. त्याच्या परिसरातील खडकांत आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे डायनोसॉरांची अंडी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या जिल्ह्यातील ९२ घरटी व २५६ अंडी नोंदविली गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही अंडी ओळखू येतात, कारण त्यांचे कवच चुनखडीच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियमयुक्त आहे.

कॅल्शियम म्हटले की हाड, दात, कवच अशा टणक वस्तूच डोळ्यांपुढे येतात. परंतु आजची कोंबडी घ्या की मानवी स्त्री, तिच्या देहात बीजांड केव्हा सुटावे, हा निरोप पोहोचविण्यातही कॅल्शियमचाच हात असतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या पेशींत संप्रेरके सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम जितके असते, त्याचा जेमतेम दहा हजारावा अंश पेशीरसात असतो. शिरलेले कॅल्शियम उपसून टाकण्याचे काम पेशी अहोरात्र करते. मेंदूकडून संदेश आला की पेशीतील राखीव साठे उघडतात, पटलावरील दारेही उघडतात. कॅल्शियम क्षणभर वाढते, पिशव्या पटलाला भिडून रिकाम्या होतात आणि संप्रेरक रक्तात मिसळते. लागलीच उपसा होऊन पुन्हा शांतता पसरते.

ही शांतताच महत्त्वाची आहे. शाळेची घंटा अखंड वाजत राहिली, तर तास कधी भरला आणि कधी सुटला, हे मुलांना कसे कळावे?

अमेरिकेतील अर्न्स्ट नोबिल व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली माकडांवर केलेला प्रयोग हेच सांगतो. मेंदूचे संप्रेरक तासातासाने थोडे थोडे दिले, तेव्हा पीयूषिका उत्तम चालली. तेच सतत दिले, तेव्हा ती मंदावली. पुढे या ज्ञानाचा दुहेरी उपयोग झाला. ज्या स्त्रियांच्या मेंदूकडून हा संदेश निघत नव्हता, त्यांना लहानशा पंपाने तो ठराविक अंतराने देण्यात आला आणि कित्येकींची कूस उजवली. उलट, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात तशाच औषधाचा अखंड मारा करून रोगाला पोसणारे संप्रेरक रोखले जाते.

औषध एकाच जातीचे. परंतु मध्ये विसावा ठेवला तर पाळणा हलतो, न ठेवला तर रोग आवरतो.